हॉटेल स्टाफला कळसूबाईला न्यायचंय? आधी ड्युटी चार्ट काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात वर्धा रोडवर सत्तर खोल्यांचं हॉटेल, सोबत बँक्वेट हॉल. किचन, सर्व्हिस, हाउसकीपिंग, फ्रंट ऑफिस मिळून नव्वद माणसं. उन्हाळ्याच्या लग्नसराईत तिघे काम सोडून गेले, एक जण मनानेच ढासळला, उरलेल्यांची चिडचिड वाढली. ब्रिटनमधल्या हॉटेल-रेस्टॉरंटवाल्यांनी मानसिक आरोग्यासाठी चोवीस तासांत तीन शिखरं चढायचं आव्हान घेतल्याचं बँक्वेट मॅनेजरांच्या वाचनात आलं. आपणही करावं असं त्यांना वाटलं आणि बावीस जणांनी नावं दिली. बेत असा: डिसेंबरात शनिवारी रात्री शिफ्ट सुटली की टेम्पो ट्रॅव्हलरने समृद्धी महामार्गावरून निघायचं, रविवारी कळसूबाई चढायचं, सोमवारी दुपारी पुन्हा ड्युटीवर. तयारी कशी करायची, आणि मुलांच्या मनाला याने खरंच फरक पडेल का?

फरक पडतो. या बेताने मात्र पडणार नाही, उलट नुकसान होईल.

ब्रिटनचं ते आव्हान म्हणजे स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस (१३४५ मीटर), इंग्लंडमधलं स्काफेल पाइक (९७८ मीटर) आणि वेल्समधलं स्नोडन (१०८५ मीटर). तिन्ही मिळून साधारण ३७ किलोमीटर चाल आणि मधे सुमारे ७४० किलोमीटर गाडीचा प्रवास. चोवीस तासांत हे सगळं बसवायचं तर रात्रीची झोप गाडीतच, बसल्या बसल्या, मान वाकडी करून. ऑफिसात दहा ते सहा काम करणाऱ्याला वर्षातून एकदा असं जागरण पराक्रमाचं वाटत असेल. तुमच्या कॅप्टनला (वेटरांच्या प्रमुखाला) आणि तंदूरवाल्याला ते लग्नसराईत आठवड्यातून दोनदा घडतं. ज्या जागरणाने माणूस खचला तेच आणखी एकदा त्याच्या माथी मारायचं आणि त्याला मानसिक आरोग्य म्हणायचं, हे मला पटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद केली. तिथे त्याला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित स्थिती म्हटलंय. खुणा तीन: अंगातलं सगळं संपल्यासारखा थकवा, कामाबद्दल परकेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. कारण दिलंय कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न सुटलेला ताण. मग इलाजही तिथेच करावा लागणार. डोंगर तुम्हाला फक्त एक तारीख देतो. ती तारीख गाठायची तर माणसाला झोप, पुरा ऑफ, वेळेवर जेवण आणि आठवड्यातून तीनदा मोकळी हवा द्यावीच लागते, नाहीतर तो पहिल्या शिडीखाली बसून राहील. मनाला जो फायदा व्हायचा तो या तयारीच्या आठवड्यांत होतो. शिखर हे त्याचं निमित्त.

म्हणून शूज-बॅगांच्या आधी गेल्या चार आठवड्यांचा ड्युटी चार्ट प्रिंट करा आणि लाल पेन घेऊन बसा. एका शिफ्टचा शेवट आणि पुढच्या शिफ्टची सुरुवात यांत अकरा तासांपेक्षा कमी अंतर असेल तिथे गोल करा. रात्री साडेबाराला क्लोजिंग करून निघालेला स्टुअर्ड सकाळी सहाला ब्रेकफास्ट काउंटरमागे उभा असेल, तर मधे साडेपाच तास उरले. त्यातून जाण्यायेण्याचा तास, आंघोळ, डोकं शांत व्हायला लागणारा अर्धा-पाऊण तास वजा करा. झोप साडेतीन तास. मग ऑफ तपासा. आदल्या रात्री ओडीसी (आउटडोअर केटरिंग, म्हणजे हॉटेलबाहेरची ऑर्डर) असेल आणि पहाटे चारला गाडीतून चेफिंग डिश (जेवण गरम ठेवायची भांडी) उतरवल्या असतील, तर कागदावरचा ऑफ प्रत्यक्षात दुपारी जाग येईपर्यंत संपलेला असतो. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ मध्ये आठवड्याची सुट्टी सलग चोवीस तासांची सांगितली आहे. कामगाराला तेवढे तरी तास मिळतात का, हे लाल गोल मोजून कळेल. ब्रेक शिफ्टही बघा. अकरा ते साडेतीन आणि सात ते बारा अशी ड्युटी असलेला माणूस हिंगण्याला किंवा कामठीला राहत असेल, तर मधल्या वेळात घरी जाऊन येणं त्याला परवडत नाही. तो लॉकर रूमच्या बाकावर मोबाइल बघत पडतो. कागदावर नऊ-साडेनऊ तास दिसणारं काम त्याच्यासाठी तेरा तासांचं असतं.

जनरल मॅनेजरच्या सहीने चार नियम लावून घ्या: दोन शिफ्टमधे अकरा तास, ऑफच्या आदल्या रात्री ओडीसी किंवा क्लोजिंग नाही, चार्ट चौदा दिवस आधी बोर्डवर, आणि महिन्यातून एकदा सलग दोन ऑफ. नावं दिलेल्या बावीस जणांपुरते नाही, सगळ्या नव्वद जणांसाठी. हे होत नसेल तर कळसूबाईचा बेत सोडून द्या, हे स्पष्ट सांगतो. थकलेल्या माणसांना डोंगरावर नेऊन फोटो काढण्यापेक्षा त्यांना दोन दिवस झोपू देणं कधीही चांगलं.

आता तारीख. डिसेंबर नागपुरातल्या हॉटेलवाल्यांसाठी सगळ्यात वाईट महिना: हिवाळी अधिवेशन, लग्नं, मग ३१ डिसेंबर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर. तुमच्या धंद्यातली खरी फट चातुर्मासात आहे. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबतात आणि बँक्वेट रिकामा होतो. श्रावणात नॉनव्हेजची ऑर्डर घटते. आषाढीपासून कोजागिरीपर्यंत ब्याण्णव-त्र्याण्णव दिवस, म्हणजे साधारण तेरा आठवडे मिळतात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात, शहरातली सगळी हॉटेलं भरलेली असतात, तेव्हा कोणी हलायचं नाही. कोजागिरी ते वसुबारस मधे अकरा-बारा दिवस असतात. कळसूबाई त्या दिवसांत. नवरात्रातली तिथली यात्रा संपलेली असते, डोंगर हिरवा असतो, वाट बऱ्यापैकी वाळलेली असते. १० ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिनही याच सुमारास येतो, ज्यांना फलक लावायचा त्यांनी लावावा. ज्या वर्षी चातुर्मासात अधिक महिना येईल त्या वर्षी चार आठवडे जास्त हाताशी असतात, ते सुरुवातीला वापरा.

बावीस जण एकदम नेऊ नका. अकरा-अकराच्या दोन तुकड्या करा, एका विभागातून तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त माणसं एका तुकडीत नकोत. नाहीतर मागे राहिलेल्या ‘कमी’ला (किचनमधल्या ज्युनिअर कुकला) तीन जणांचं काम पडेल आणि तुमच्या मोहिमेचा ताण त्याच्या डोक्यावर जाईल.

नाव दिलं म्हणून प्रत्येकाला नेता येत नाही, तपासणी लागते. बीपी, साखर, चाळिशीपुढच्यांचा ईसीजी हे सगळीकडे सांगतात. विदर्भात त्यात एक चाचणी हवीच, ती सिकलसेलची (रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार). तुमच्या किचनमधली बरीच मुलं भंडारा, गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याकडची असणार, आणि या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. सोल्युबिलिटी टेस्ट बोटातल्या थेंबभर रक्तावर होते. पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिसने वाहक की रुग्ण ते कळतं. मेडिकल किंवा मेयो या शहरातल्या सरकारी रुग्णालयांत चौकशी करा. रुग्ण असेल तर पाणी कमी पडणं, दमछाक, थंडी यांतून वेदनेचा झटका येऊ शकतो, त्याने डॉक्टरांच्या परवानगीशिवाय चढू नये. वाहक असेल तर चालू शकतो, फक्त धावाधाव, पैजा लावून चढणं आणि तहानलेलं राहणं टाळायचं. हे रिपोर्ट ज्याचे त्याच्या हातात. एचआरच्या फाइलला लागता कामा नयेत. डॉक्टरांनी तुम्हाला ‘चालेल’ किंवा ‘नको’ एवढंच कळवायचं.

मनाची औषधं चालू असलेल्यांनीही आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि गोळी स्वतःहून बंद करू नये. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. काही अँटिसायकोटिक औषधांनी शरीराला उष्णता सांभाळता येत नाही. झोपेच्या गोळीची गुंगी पहाटे शिडीवर पाय ठेवताना उतरलेली नसते.

आणि दारू. शिफ्ट सुटल्यावरची बैठक या धंद्यात जुनी आहे, तिच्यावर प्रवचन देऊन काही होत नाही. पण धोका माहीत हवा. रोज क्वार्टर-हाफ घेणाऱ्याला चार दिवसांच्या सहलीत अचानक दारू मिळाली नाही, तर पहिल्या सहा ते अठ्ठेचाळीस तासांत हात थरथरणं, घाम, क्वचित फिट, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊ शकतो. ते नेमकं डोंगरावर घडेल. असा माणूस असेल तर त्याला अपमान न करता तेरा आठवडे आधीच डॉक्टरांकडे पोचवा आणि दारू वैद्यकीय देखरेखीखाली कमी करू द्या. खर्रा तोंडात ठेवून चढू नये. तंबाखूने नाडी वाढते, तोंड कोरडं पडतं, आणि दमलेला माणूस ठेच लागली की तो गिळतो.

सराव. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या आसपास आणि सगळं सपाट. कळसूबाई १६४६ मीटर, पायथ्याच्या बारी गावापासून चढ साधारण नऊशे मीटर. सर्व्हिसची मुलं म्हणतील की आम्ही दिवसभर चालतोच. चालतात, पण गुळगुळीत फरशीवर, एसीत, दहा-वीस पावलं आणि पुन्हा उभं. त्याने पाय थकतात, चढाची ताकद येत नाही. किचनवाल्यांचं उलट: भट्टीपुढे उष्णता सोसायची सवय आहे, पण आठ-दहा तास एका जागी उभं राहून पोटऱ्या आखडलेल्या आणि टाचा दुखऱ्या.

पहिले तीन आठवडे फक्त चालणं. आठवड्यातून तीनदा तीस मिनिटं, बोलता येईल एवढ्या वेगाने. अंबाझरी, सेमिनरी हिल्स, ज्याला जे जवळ. यातली एक फेरी तरी ड्युटीच्या वेळात, पगारी. सगळा सराव माणसाच्या ऑफमधून कापलात तर चौथ्या आठवड्यात निम्मे गळतील, आणि तो त्यांचा आळस नसेल.

चौथ्या आठवड्यापासून जिना. तुमच्याकडे डोंगर नाही, पण मागचा सर्व्हिस जिना आहे. एक मजला तीन मीटरच्या वर असतो. आठ मजले म्हणजे साधारण पंचवीस मीटर, म्हणजे कळसूबाईचा चढ तळापासून गच्चीपर्यंतच्या छत्तीस फेऱ्यांएवढा. चौथ्या आठवड्यात चार फेऱ्या (शंभर मीटर) आठवड्यातून दोनदा, मग दर आठवड्याला दोन फेऱ्या वाढवत सातव्यात दहा. आठव्यात निम्म्यावर या, शरीर मधे विसावलं तरच पुढे वाढतं. नवव्यात बारा. दहाव्यापासून पाठीवर पाच किलो. उतरताना लिफ्ट वापरायची नाही. चढ दमवतो, उतार दुखवतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो, आणि सराव नसेल तर दुसऱ्या दिवशी कमोडवर बसतानाही माणूस भिंत धरतो. गुडघ्याची तक्रार घेऊन परतणारे जवळपास सगळे उतारावर घायाळ झालेले असतात.

त्यासाठी एक व्यायाम मनापासून करून घ्या. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आडवं उभं राहायचं, एक पाय पायरीवर, दुसरा हवेत. पायरीवरचा गुडघा हळूहळू वाकवत, मनात एक-दोन-तीन म्हणत, दुसऱ्या पायाची टाच खालच्या फरशीला नुसती टेकवायची आणि परत वर. वाकणारा गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. तो आत अंगठ्याकडे कलंडायला लागला की तिथेच थांबा, उंची कमी करा. प्रत्येक पायाला दहा, तीन वेळा, आठवड्यातून तीनदा. ब्रेकफास्ट बंद झाल्यावर दहा मिनिटांत होतो. सोबत टाचा उचलणं, पंधराचे तीन संच. याला जिम लागत नाही.

महिन्यातून एकदा रामटेकला जा. शहरापासून पन्नासेक किलोमीटर, गडाच्या पायऱ्या पावसाळ्यात ओल्या, म्हणून सरावाला उत्तम. ढग गडगडायला लागले की उघड्या टेकडीवरून खाली या. विदर्भात वीज दरवर्षी माणसं घेते.

रंगीत तालमीला पचमढीचं चौरागड. हॉटेलवाल्याला पितृपक्ष वर्षातला सगळ्यात मोकळा पंधरवडा, आणि तो दहाव्या-अकराव्या आठवड्यात येतो. सावनेर, छिंदवाडा, तामिया मार्गे साधारण अडीचशे किलोमीटर. दिवसा निघा, रात्री मुक्काम, सकाळी महादेव गुहेपासून चढा. तेराशेच्या आसपास पायऱ्या आणि मधे जंगलवाट. नागपंचमीच्या आसपास नागद्वारीच्या यात्रेची गर्दी असते, तेव्हा मात्र नको. याच पायवाटांवरून तुमच्या कितीतरी मुलांचे आई-बाप खांद्यावर त्रिशूळ घेऊन महादेवाला गेलेले असतात. किचनमध्ये ज्याला कोणी नावानेही हाक मारत नाही असा भांडी घासणारा पोरगा तिथे सगळ्यांना वाट दाखवतो. हे मुद्दाम घडवून आणता येत नाही, पण तशी जागा निवडता येते. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाणं बॅगेत ठेवा. इथे ज्याला उतरताना गुडघा दुखला, ज्याच्या पायाला फोड आले, ज्याचा दम छातीत अडकला, त्याची नोंद करा आणि उरलेल्या आठवड्यांत तेवढंच दुरुस्त करा. छातीत दुखलं किंवा चक्कर आली असेल तर सरळ डॉक्टर.

नवरात्रापासून सराव निम्मा करा. दसऱ्याच्या आगेमागे चार दिवस काहीच नको, तेव्हा हॉटेलच डोंगर असतं.

शूज दुसऱ्या आठवड्यात घ्या, शेवटच्या नको. खाली खोल खाचांचा सोल, मापाने अर्धा नंबर मोठे. खरेदीला संध्याकाळी, ड्युटीनंतर जा, तेव्हा पाय सुजलेले असतात आणि डोंगरावर ते तसेच सुजणार असतात. शूज घालून उतरत्या पायरीवर उभं राहा. अंगठा पुढे टेकत असेल तर उतरताना नख काळं पडणार, मोठा नंबर घ्या. किचनचे सेफ्टी शूज आणि क्लॉग डोंगरावर चालत नाहीत: तेलकट फरशीसाठी केलेला तळ मुरमाड उतारावर घसरतो, आणि क्लॉगमध्ये टाच मोकळी राहते. सुती मोजे घाम धरून ठेवतात आणि फोड आणतात, सिंथेटिक घ्या, जोड दोन. शूजचा खर्च हॉटेलने करावा. पंधरा हजारांवर काम करणाऱ्या माणसाने यासाठी उधार घेतलं तर मोहीम तिथेच फसली.

आता प्रवास. समृद्धीवरून इगतपुरी सव्वासहाशे किलोमीटरच्या आसपास. सरळ, एकसुरी रस्ता, रात्रीची वेळ, आणि हॉटेलचाच ड्रायव्हर दिवसभराची ड्युटी करून: यातून काय होतं ते सांगायला नको. रेल्वेने जा. संध्याकाळची किंवा रात्रीची मुंबईकडची गाडी, स्लीपरमध्ये आडवं होऊन, सकाळी नाशिक रोड किंवा इगतपुरी. तिथून ठरवलेल्या गाडीने बारी. तो दिवस विश्रांतीचा: जेवण, थोडं फिरणं, रात्री नऊला अंथरूण. दुसऱ्या दिवशी पहाटे चढाई, दुपारी जेवून झोप, तिसऱ्या दिवशी परतीची गाडी, चौथा दिवस घरी. चार दिवस लागतात. दोन साप्ताहिक ऑफ जोडा आणि दोन दिवस हॉटेलने द्यावेत. पाचव्या दिवशी दुपारची शिफ्ट लावा, सकाळची नको. चढाई सोमवार ते गुरुवारात ठेवा. शनिवार-रविवारी शिड्यांपाशी रांग लागते आणि मागून येणारी माणसं घाई करतात.

बारीतून साडेपाचला हेडटॉर्च लावून निघा. गावातलाच वाटाड्या घ्या, आठ माणसांमागे एक. सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा आणि वेग त्याचा. शेवटी नेहमी एक अनुभवी माणूस, ज्याच्या मागे कोणीही राहणार नाही. वर पोचायला तीन ते चार तास. लोखंडी शिड्यांवर एका टप्प्यात थोडीच माणसं, दोन्ही हात मोकळे, तीन टेकू नेहमी पक्के: दोन हात एक पाय किंवा दोन पाय एक हात. उतरताना तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. बरेच जण जिना उतरल्यासारखे पुढे तोंड करून उतरतात, टाच पायरीच्या कडेवर टेकते आणि घसरते. फोटो शिडीवर नाहीत.

अकरा वाजले की जिथे असाल तिथून माघारी. हा नियम आदल्या रात्री सगळ्यांकडून वदवून घ्या, वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर जमतात, आणि विजा चमकत असताना लोखंडी शिडीवर असायचं नाही. शिखर राहिलं तर राहिलं. खाली थांबलेल्या माणसालाही तेच प्रमाणपत्र, तोच टी-शर्ट.

पाणी प्रत्येकी तीन लिटर. त्यातलं एक लिटर ओआरएसचं: जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र छापलेली पुडी एक लिटर पाण्यात पूर्ण टाका, अर्धी नाही. पुडी नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा चमचा मीठ. खाणं निघायच्या दीड-दोन तास आधी: पोहे चालतील, तर्री नको. ती तिखट तेलकट तर्री चढावर छातीशी येते. वाटेत दर तासाला मूठभर: केळं, खजूर, राजगिऱ्याची चिक्की, फुटाणे-गूळ. आंबिया बहाराची संत्री तेव्हा नुकती यायला लागतात, दोन-दोन द्या. किचनवाल्यांवर एक लक्ष ठेवा: त्यांना दिवसभर वास घेऊन भूक न लागण्याची सवय असते, आणि आपण खाल्लं नाही हे दोनशे मीटर चढल्यावर कळतं. बँडेज, फोडांसाठी चिकटपट्टी, क्रेप बँडेज, शिट्टी, पॉवर बँक, हलका रेनकोट. रुग्णवाहिकेचा नंबर १०८.

आता मनाकडे नीट येऊ. चालण्याने सौम्य ते मध्यम नैराश्य आणि चिंता कमी व्हायला मदत होते, झोप सुधारते, हे संशोधनातून पुरेसं स्पष्ट झालंय. तीव्र नैराश्य, दारूचं व्यसन, आत्महत्येचे विचार यांवर डोंगर हा इलाज नाही. तिथे डॉक्टर लागतो. त्यामुळे मोहिमेच्या पहिल्याच दिवशी तीन नंबर लॉकर रूमच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा: टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात, तातडीसाठी ११२, आणि हॉटेलबाहेरच्या एका समुपदेशकाचा. दाराच्या आतल्या बाजूला अशासाठी की तो नंबर उतरवून घेताना कोणी बघत नसावं. औषधोपचार लागले तर शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, मेडिकलमध्ये मनोविकार विभाग आहे.

जोड्या लावा. वेगवेगळ्या विभागांतल्या, सारख्या दर्जाच्या: ‘कमी’ आणि स्टुअर्ड, हाउसकीपिंगची ताई आणि फ्रंट ऑफिसमधली मुलगी. शेफ आणि त्याच्याच हाताखालचा मुलगा ही जोडी कधीच नको. समोरासमोर बसून ‘काय होतंय तुला’ विचारलं की माणूस ‘काही नाही, ठीक आहे’ म्हणतो. शेजारी शेजारी चालताना, नजर वाटेवर असताना, तोच माणूस अर्ध्या तासाने स्वतःहून बोलतो. ते बोलणं जोडीतच राहील हे सगळ्यांसमोर ठरवा, अपवाद एकच: जिवाचा धोका. शिखरावर गोल बसवून ‘आपापली व्यथा सांगा’ असले कार्यक्रम करू नका. ज्याला सांगायचं नाही त्याच्यावर ती जबरदस्ती होते, आणि सांगून बसलेल्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांबरोबर लाइनवर उभं राहायचं असतं.

जोडीदाराने काय बघायचं? नेहमी नीट काम करणाऱ्याचे हात वारंवार कापणं-भाजणं. ऑफला पूर्ण दिवस झोपूनही उठताना तोच चेहरा. स्टाफ मीलला ताट पुढे करून न खाता उठणं. जवळच्या वस्तू वाटून टाकणं, ‘माझ्याशिवाय सगळ्यांचं बरं चालेल’ असं बोलणं. शेवटचं ऐकलंत तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, तिथूनच १४४१६ लावा, घरच्यांना बोलवा, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

फरक पडला का ते मोजायचं असेल तर डब्ल्यूएचओ-५ ही पाच वाक्यांची प्रश्नावली पुरे. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, अशा प्रत्येक वाक्याला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणा, शंभरपैकी गुण मिळतात. पन्नास किंवा खाली असेल तर त्या माणसाने कोणाशी तरी बोलायला हवं. दहा गुणांचा बदल दखल घेण्याजोगा. सुरुवातीला, सातव्या आठवड्यात, तेराव्यात आणि परत आल्यावर सहा आठवड्यांनी भरून घ्या. कागद निनावी, समुपदेशकाकडे जमा, व्यवस्थापनाला फक्त सरासरी. ज्या विभागात पाचपेक्षा कमी माणसं आहेत त्याची वेगळी सरासरी काढू नका, दोन मिनिटांत ओळखू येतं कोण ते.

पैसे गोळा करायचे असतील तर पाहुण्यांकडून हॉटेलच्या नावाने वर्गणी घेऊ नका. नोंदणीकृत संस्थेला थेट द्यायला लावा, करसवलतीची पावती तीच देईल. मला विचाराल तर पहिला निधी तुमच्याच स्टाफसाठी असावा: प्रत्येकाला समुपदेशकाच्या सहा भेटी, बिल समुपदेशकाकडून नावांशिवाय यावं. सर्व्हिस चार्ज किंवा टिपमधून एक रुपयाही कापू नये. अपघात विमा घेताना पॉलिसीत ट्रेकिंग वगळलंय का ते वाचा, बऱ्याचदा वगळलेलं असतं.

परतल्यावर पंधरा दिवस जपा. तारखेसाठी तेरा आठवडे जगलेल्या माणसाला ती तारीख सरली की पोकळी जाणवते, आणि नेमकं तेव्हाच तुळशीचं लग्न लागून तुमचा बँक्वेट पुन्हा भरायला लागतो. परतल्याच्या दुसऱ्या आठवड्यात जोड्यांना अर्धा तास पगारी वेळ देऊन सेमिनरी हिल्सला पाठवा. आठवड्याची एक फेरी तशीच चालू ठेवा, ज्यांनी नाव दिलं नव्हतं त्यांनाही घ्या. सहाव्या आठवड्यातला डब्ल्यूएचओ-५ लग्नसराईच्या ऐन मध्यावर येईल, तो पुढे ढकलू नका. त्याच दिवशी तेव्हाचा ड्युटी चार्ट काढा आणि पुन्हा लाल पेन घेऊन बसा.